छोट्या लक्झरी एक्स्पिडिशन क्रूझबद्दल मला सगळे विचारतात ते प्रश्न (आणि मी देतो ती उत्तरं)

दोनदा अशा जहाजावर जाऊन आलो, एकदा अंटार्क्टिका आणि एकदा स्वालबार्ड (नॉर्वेच्या उत्तरेकडची आर्क्टिकमधली बेटं), आणि तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून तेच ते विचारतं. शेवटी म्हटलं एकदाच लिहून टाकावं, म्हणजे लिंक पाठवून मोकळं व्हायचं. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

नेहमीच्या मोठ्या क्रूझपेक्षा यात वेगळं काय असतं?

मोठ्या क्रूझवर जहाज हेच ठिकाण असतं. हजारो माणसं, थिएटर, कसिनो, घसरगुंड्या, आणि समुद्र आपला बाजूला पडलेला. इथे शे-दोनशे प्रवासी, एक लाउंज, एक लेक्चर हॉल, एक-दोन जेवायच्या जागा, फार तर छोटा पूल नि सॉना. बाकी जो काही कार्यक्रम आहे तो जहाजाच्या बाहेर. १९६६ मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या माणसाने पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये खास याच कामासाठी 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' नावाचं छोटं जहाज बांधून घेतलं, तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. आज जहाजं कितीही चकाचक झाली तरी पद्धत तीच आहे, शास्त्रज्ञ सोबत घ्यायचे, रबरी बोटीने किनाऱ्यावर जायचं, संध्याकाळी परत येऊन काय बघितलं त्यावर बोलायचं.

प्रवासी किती आहेत याने एवढा काय फरक पडतो?

सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि बुकिंग करताना नेमकं हेच कोणी विचारत नाही! अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकतात, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने तर कोणालाच उतरवायचं नाही, नुसतं डेकवरून बघायचं. म्हणजे तुमचं जहाज २०० जणांचं असेल तर अर्धे लोक किनाऱ्यावर आणि अर्धे बोटीतून हिमनगांमध्ये फिरतायत, मग अदलाबदल. वाईट नाही ते, पण १०० च्या आतलं जहाज असेल तर पूर्ण वेळ तुमचा. गॅलापागोसमध्ये (इक्वेडोरची पॅसिफिकमधली बेटं) तर जहाजालाच १०० प्रवाशांची मर्यादा आहे, आणि एका गाईडमागे १६ जण. तेव्हा ब्रोशरमधला बाथटब नंतर बघा, आधी हा आकडा बघा.

मग 'लक्झरी' कुठे असते?

असते की. मऊ गाद्या, बाथरूमची गरम फरशी, उत्तम जेवण, तुमचं नाव दुसऱ्या दिवशी पाठ असलेला स्टाफ. काही जहाजांवर हेलिकॉप्टर आणि पाणबुडीसुद्धा आहे. पण खरं सांगू का, दोन तास बर्फात उभं राहून, बोटं बधिर होऊन परत आलो आणि दारातच कोणीतरी गरम चॉकलेटचा कप हातात दिला, त्यापुढे बाकी सगळं झक मारतं. आणि पहाटे साडेपाचला स्पीकरवरून शांत आवाजात "पुढच्या डेककडे व्हेल आहेत" असं सांगतात तेव्हा कोट्यधीश माणूससुद्धा पायजम्यावर जॅकेट चढवून धावत सुटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

केबिन कुठली घ्यावी? बाल्कनी हवीच का?

जहाज सी-सॉसारखं हलतं, टोकं जास्त आणि मध्य कमी, आणि जितके वर जाल तितका झोका मोठा. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी मधली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, नेमकी तीच बऱ्याचदा स्वस्त असते. खाली गोल खिडकी असते, समुद्र खवळला की ती आतून लोखंडी झाकणाने बंद करतात, तेव्हा जरा कोंडल्यासारखं होतं खरं. पुढच्या टोकाची केबिन मला मिळाली होती एकदा, रात्रभर लाटेवर धाडकन आपटल्याचे आवाज आणि सकाळी नांगराच्या साखळीचा खडखडाट, कानाला खडा. बाल्कनीचं म्हणाल तर माझ्या बायकोने ती हवीच म्हणून हट्टाने घेतली आणि दहा दिवसांत तिचा मुख्य उपयोग ओले हातमोजे वाळत घालायला झाला. काही बघायचं असेल तर लोक मोकळ्या डेकवर जातात, कारण प्राणी तुमच्याच बाजूला येईल असं थोडीच आहे.

ड्रेक पॅसेज खरंच तेवढा भयानक असतो का?

कधी हो, कधी अजिबात नाही. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं यांच्यामधलं हे साधारण ८०० किलोमीटरचं पाणी, ओलांडायला दीड-दोन दिवस लागतात. त्या अक्षांशांवर पृथ्वीला पूर्ण चक्कर मारली तरी वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, सगळा वारा आणि सगळा प्रवाह गोल फिरून या एका चिंचोळ्या जागेतून घुसतो, म्हणून तो एवढा बदनाम. खलाशी लोक दोन नावं वापरतात, शांत असेल तर 'ड्रेक लेक' आणि नसेल तर 'ड्रेक शेक'.

आम्हाला जाताना लेक मिळाला, त्यामुळे सगळे शेर झाले होते. येताना शेक! जेवायच्या हॉलमध्ये वेटरने येऊन टेबलक्लॉथवर पाणी शिंपडलं, मला वाटलं याच्या हातून सांडलं, पण ओल्या कापडावर ताटं घसरत नाहीत म्हणून ते मुद्दाम करतात. तरी माझा ग्लास हळूच, अगदी दमाने, टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेला आणि समोरच्या बाईंनी तो न बघता पकडला, त्यांची ती सातवी ट्रिप होती. कठड्यांना जागोजागी कागदी पिशव्या खोचलेल्या असतात, त्या कशासाठी ते सांगायला नको.

एक मात्र लक्षात ठेवा, अशा वेळी दाराच्या चौकटीला कधीही हात लावायचा नाही, दार धाडकन येतं आणि बोटं चेंगरतात. हँडल धरा, कठडा धरा, चौकट नाही. आणि एक हात कायम रिकामा ठेवायचा.

ड्रेक टाळता येतो का?

येतो. चिलीतल्या पुंता आरेनासहून विमानाने साधारण दोन तासांत साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटावर उतरता येतं आणि तिथे जहाज थांबलेलं असतं. पण धुकं असलं की विमान उतरत नाही, मग एक-दोन दिवस हॉटेलात बसून काढा. शिवाय ड्रेकमध्ये जहाजाच्या मागे तासन्‌तास तरंगणारे अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी बघायला मिळतात, पंख न हलवता, ते सुख विमानात नाही. माझं मत, एकदा तरी समुद्रातूनच जा. पण तुम्हाला बोटीत बसायच्या नुसत्या विचारानेच पोटात ढवळत असेल तर बिनधास्त उडा, त्यात कमीपणा काही नाही.

मला बोट लागते, काय करू?

औषध त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायचं, हे नव्वद वेळा सांगूनही लोक ऐकत नाहीत. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहतच नाही हो. मेक्लिझिनच्या गोळीने झोप येते पण काम होतं. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच काही तास आधी लावावा लागतो, आणि तो काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना चालत नाही, म्हणून घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. पॅचला हात लावून तोच हात डोळ्याला लावू नका, बाहुली मोठी होऊन बसते आणि दिवसभर धूसर दिसतं. बाकी हिरवं सफरचंद, कोरडी बिस्किटं, आलं, क्षितिजाकडे बघणं, आणि काहीच जमलं नाही तर सरळ आडवं होणं. रिकाम्या पोटी राहू नका. पुस्तक आणि मोबाईल बंद.

झोडिॲक काय प्रकार आहे? वयस्कर माणसांना जमतं का?

हवा भरलेली जाड रबरी बोट, मागे इंजिन, दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर साधारण दहा जण बसतात. दिसायला खेळण्यासारखी पण ॲलन बोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९५२ मध्ये असल्याच एका झोडिॲकमधून अख्खा अटलांटिक ओलांडला होता, त्यामुळे तिच्या दणकटपणाची काळजी तुम्ही करू नका.

चढता-उतरताना हात असा धरायचा की तुमच्या हातात खलाशाचं मनगट आणि त्याच्या हातात तुमचं. नुसता पंजा पकडला तर ओले हातमोजे सटकतात. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते, ती वर आली की पाय टाकायचा, आणि केव्हा टाकायचा ते खलाशी सांगतो, आपण शहाणपणा करायचा नाही. किनाऱ्यावर बहुतेक वेळा 'वेट लँडिंग' असतं म्हणजे नळीवर बसून टोकापर्यंत सरकायचं, पाय बाहेर टाकायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. ८२ वर्षांच्या एका आजोबांना मी हे रोज दोनदा करताना पाहिलं. आणि उडी मारून उतरायला गेलेला एक तरुण पहिल्याच दिवशी कंबरेपर्यंत भिजला.

जहाजातून बाहेर पडताना आणि परत येताना कार्ड स्कॅन करायचं किंवा आपल्या नंबरचा बिल्ला उलटा करायचा. विसरलात तर स्पीकरवरून तुमचं नाव सगळ्या जहाजाला ऐकू जातं.

किनाऱ्यावर टॉयलेट असतं का?

नाही. झाडामागे वगैरे पण नाही, एक तर झाडंच नाहीत आणि दुसरं म्हणजे सक्त मनाई आहे. अडचण झाली तर बोटीने जहाजावर परत सोडतात. सकाळची कॉफी जरा हात राखून प्या. खायचं काहीही किनाऱ्यावर न्यायचं नाही.

इटिनररीत लिहिलेली सगळी ठिकाणं बघायला मिळतात ना?

नाही, आणि हे मनाशी पक्कं केलं नाहीत तर तुमचे पैसे वाया जातील असं मी स्पष्ट सांगतो. कॅप्टन आणि एक्स्पिडिशन लीडर रोज वारा आणि बर्फ बघून ठरवतात. प्लॅन ए असतो, बी असतो, आमच्याकडे एकदा प्लॅन ई पर्यंत गेलं होतं. लेमेअर चॅनेल म्हणजे दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून जहाज जातं ती प्रसिद्ध जागा, आम्ही तिच्या तोंडापर्यंत गेलो आणि आत बर्फ गच्च भरलेला, जहाज अर्धा तास नुसतं उभं, मग वळलं. एक गृहस्थ रिसेप्शनवर जाऊन भांडले, मी याच्यासाठी पैसे भरलेत म्हणून. त्याच दुपारी दुसऱ्या एका खाडीत हंपबॅक व्हेल इंजिन बंद केलेल्या आमच्या झोडिॲकजवळ येऊन श्वास सोडून गेली, कुजक्या माशासारखा वास आला सगळ्यांना, आणि ते गृहस्थ रुसून केबिनमध्ये झोपलेले!

गॅलापागोसमध्ये मात्र उलट आहे, तिथे कुठल्या जहाजाने कधी कुठे जायचं ते नॅशनल पार्क ठरवतं, त्यामुळे फारसे बदल होत नाहीत.

प्राण्यांच्या किती जवळ जाता येतं?

पेंग्विनपासून निदान ५ मीटर. पण हे पेंग्विनना कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे तुम्ही उभे राहिलात की ते स्वतःहून बुटापाशी येतात, तेव्हा हलायचं नाही. बर्फात त्यांच्या ये-जा करायच्या पायवाटा असतात, त्याला सगळे पेंग्विन हायवे म्हणतात, तिथे पहिला हक्क त्यांचा, आपण थांबायचं. चालताना तुमचा पाय खोल रुतला तर तो खड्डा बर्फाने बुजवून पुढे जायचं, कारण गुडघाभर खड्ड्यात पेंग्विन पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. माझ्या मागे चालणारी गाईड माझे खड्डे बुजवत येत होती हे मला बऱ्याच उशिरा कळलं, इतकी लाज वाटली.

बर्ड फ्लू तिकडे पोहोचल्यापासून (२०२३ मध्ये अंटार्क्टिकाच्या वाटेवरचं साउथ जॉर्जिया बेट, २०२४ मध्ये अंटार्क्टिकाची मुख्य भूमी) किनाऱ्यावर बसायचं, गुडघे टेकायचे किंवा बॅग खाली ठेवायची बंदी आहे. फोटोवाल्यांनी खाली लोळायची स्वप्नं सोडून द्या.

स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर लांब राहावं लागतं आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. म्हणजे बरेचदा अस्वल म्हणजे दुर्बिणीतून दिसणारा पिवळसर ठिपका, पण तो ठिपका चालायला लागला की अख्खा डेक चिडीचूप होतो. तिथे किनाऱ्यावर गाईडच्या खांद्यावर रायफल असते, आणि ती दाखवायला नसते. गॅलापागोसमध्ये अंतर २ मीटर.

बूट आणि कपडे तपासतात म्हणे?

तपासतात आणि मनापासून तपासतात. पहिल्या लँडिंगच्या आधी सगळ्यांना बोलावून जॅकेट, पँट, बॅग, सगळं व्हॅक्यूम करायला लावतात, कारण गवताचं एखादं बी तिकडे रुजलं तर निस्तरणं अवघड. मला वाटलं माझं सामान स्वच्छ आहे. गाईडने माझ्या जुन्या बॅगचं व्हेलक्रो उघडलं, डोक्यावरचा टॉर्च लावला आणि कागदाच्या क्लिपने उकरून त्यातून कुसळं काढली, एक, दोन, तीन, चार, माझ्यासमोर पांढऱ्या टिश्यूवर ओळीने मांडली. कुठल्या डोंगरावर चिकटली होती देव जाणे. मग रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा सगळं करावं लागलं. व्हेलक्रो असलेल्या वस्तू शक्यतो नेऊच नका.

रोज येता-जाता बूट ब्रशने घासून जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवायचे. पेंग्विनची विष्ठा गुलाबी असते आणि तळव्याच्या खाचांत अशी बसते की विचारू नका. तो वास कुठल्याही फोटोत येत नाही, पण वसाहत दिसायच्या आधी नाकाला कळते.

कपडे काय न्यायचे?

थंडीचं नाव ऐकून लोक भलतंसलतं विकत घेतात. अंटार्क्टिक पेनिन्सुलावर, म्हणजे जहाजं जातात त्या द्वीपकल्पावर, उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास असतं, खरा त्रास वारा आणि ओल यांचा. जाड पार्का बहुतेक कंपन्या देतात आणि तो तुमचाच होतो, उंच रबरी बूट वापरायला देतात ते परत करायचे, पण हे बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. वॉटरप्रूफ पँट मात्र स्वतःची हवी, त्यात काटकसर नको. आतून लोकरीचे पातळ थर, कॉटन नको कारण ते ओलं झालं की ओलंच राहतं. हातमोजे दोन जोड्या, गॉगल, सनस्क्रीन. सूट-टायची गरज नाही.

कधी जायचं?

अंटार्क्टिकाला नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा करकरीत आणि पेंग्विन दगड चोरून घरटी बांधत असतात, डिसेंबरच्या शेवटी नि जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल भरपूर पण किनारे चिखलाचे. स्वालबार्डला जून ते ऑगस्ट, ऑगस्टचा शेवट सोडला तर सूर्य मावळतच नाही, डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या.

हे सुरक्षित आहे का?

वर ज्या लिंडब्लाड एक्सप्लोररचं नाव घेतलं, तेच जहाज पुढे नुसतं 'एक्सप्लोरर' झालं आणि २३ नोव्हेंबर २००७ ला किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आपटून बुडालं. १५४ माणसं लाइफबोटीत काही तास थंडीत बसली, आणि दुसऱ्या एका क्रूझ जहाजाने येऊन सगळ्यांना वाचवलं. एकही जीव गेला नाही. २०१७ पासून ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी पोलर कोड, म्हणजे सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झालाय. हे घाबरवायला सांगत नाही, पण पहिल्या दिवशी लाइफजॅकेटची ड्रिल असते तेव्हा मागे उभं राहून सेल्फी काढू नका एवढंच.

तब्येत आणि इन्शुरन्सचं काय?

जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण ऑपरेशन थिएटर नसतं, आणि जवळचं मोठं हॉस्पिटल दोन दिवस लांब असू शकतं. त्यामुळे मेडिकल फॉर्ममध्ये काही लपवू नका. इन्शुरन्समध्ये तिथून उचलून नेण्याचा खर्च आहे का ते बारीक अक्षरांत वाचून बघा, बऱ्याच कंपन्या त्याशिवाय चढूच देत नाहीत. रोजच्या गोळ्या हँडबॅगमध्ये आणि आठवडाभराच्या जास्तीच्या. गुडघे कुरकुरत असतील तर लक्षात घ्या, समुद्र खवळला की लिफ्ट बंद ठेवतात.

पर्यावरणाचं नुकसान होत नाही का?

होतं. तिथपर्यंतच्या विमानाचा धूर एकटाच पुरे. अंटार्क्टिकाच्या पाण्यात २०११ पासून जड इंधन तेलाला बंदी आहे, हौशी ड्रोन उडवता येत नाहीत, नियम कडक आहेत, हे सगळं खरं. पण आपण न जाण्याइतकं चांगलं तिथल्या बर्फासाठी काहीच नाही, आणि तरी मी गेलो. याचं सोयीस्कर उत्तर माझ्याकडे नाही.

व्हिसाची काही भानगड?

एक मोठी आहे. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. म्हणजे ओस्लोहून स्वालबार्डच्या लाँगयिअरब्येन गावाला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत येताना पुन्हा आत. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी डबल एंट्रीचाच घ्यावा, नाहीतर परतीच्या वाटेवर अडकाल. आणि जहाज सुटायच्या निदान एक दिवस आधी पोहोचा. माझी बॅग एका विमान कंपनीने भलत्याच शहरात पाठवली होती, जहाज सुटायला तीन तास असताना ती आली. जहाज कोणासाठी थांबत नाही.

एकटं गेलं तर चालतं का? कंटाळा येतो का? इंटरनेट?

चालतं, पण एकट्याने केबिन घेतली तर जास्तीचे पैसे पडतात, काही जहाजांवर अनोळखी व्यक्तीबरोबर केबिन शेअर करायची सोय असते. कंटाळा येत नाही, लेक्चर असतात, बऱ्याच जहाजांवर कॅप्टनच्या ब्रिजवर जाऊन उभं राहता येतं, मी तिथे तासन्‌तास पडीक असायचो. इंटरनेट हल्ली सॅटेलाइटमुळे बरं चालतं. दुर्दैवाने.

ते थंड पाण्यात उडी मारणं सक्तीचं आहे का?

पोलर प्लंज? छे, सक्ती कसली. कंबरेला पट्टा आणि दोरी बांधतात, डॉक्टर बाजूला उभा असतो, पाणी शून्याच्या आसपास. हृदयाचा त्रास असेल तर नकोच. मी मारली. पाण्यात गेल्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही, बस एवढंच आठवतं.

तिथून पोस्टकार्ड पाठवता येतं हे खरं?

खरं. अंटार्क्टिकात पोर्ट लॉकरॉयला १९४४ चा जुना ब्रिटिश तळ आहे, आता तिथे छोटं म्युझियम आणि पोस्ट ऑफिस आहे, अवतीभवती जेंटू पेंग्विन, दारातसुद्धा. मोजकीच माणसं उन्हाळाभर तिथे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक जहाजाची पत्रं शिक्के मारून पाठवतात. पत्र फॉकलंड बेटं, मग ब्रिटन असं फिरत फिरत जातं. जहाज तिथे थांबेलच असं नाही, वारा असेल तर नाही. मी स्वतःच्याच पत्त्यावर एक टाकलं होतं, घाईघाईत, हातमोजे घालून, त्यामुळे अक्षर अगदी पहिलीतल्या पोरासारखं आलंय. ते मी परत आल्यावर अकरा आठवड्यांनी आलं, आणि एका कोपऱ्याला फिकट गुलाबी डाग आहे. बायको म्हणते शाई आहे. मी वास घेऊन बघितला, शाई नाही.